नो ड्यूज

राजीनामा लिहायला अक्कल लागत नाही. ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढं जमलं की उरलेलं पत्र आपोआप लिहून होतं. शेंद्र्याच्या एमआयडीसीत पगारवाढीची पत्रं वाटून झाली की त्याच आठवड्यात कितीतरी जणांना वैयक्तिक कारणं फुटतात. खरी पंचाईत नोटीस पिरियड संपत आल्यावर होते. साहेबांना आभाराचं पत्र लिहायचं असतं.

कंपनीचं या बाबतीत बरं आहे. तिच्या कृतज्ञतेचं सूत्र 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यानं बसवून दिलं: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. सलग पाच वर्षं भरली की कृतज्ञता खात्यात जमा. कामगारानं साहेबांचे आभार किती मानावेत, याचा हिशेब मात्र कुठल्याच कायद्यात नाही.

आपल्या आजोबांची सोय होती. वर ‘राजमान्य राजश्री’, खाली ‘कळावे, लोभ असावा’. मधे काही नसलं तरी पत्र भरलेलं दिसे. आमच्या वाट्याला मेलचे तयार नमुने आले. ‘आपल्या प्रेरणादायी नेतृत्वाखाली मला घडता आलं.’ आमच्या साहेबांनी हे वाचलं असतं, तर आपल्या मागे कोण येऊन उभं राहिलंय हे बघायला मान वळवली असती. त्यांचं सगळं नेतृत्व ‘बघ रे जरा’ या तीन शब्दांत आटोपत असे.

शिवाय आभारात थोडा विम्याचा हप्ताही असतो. 2001 साली इथे स्कोडाचा कारखाना सुरू झाला, आता शेजारी ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी उभी राहिलीय. तरी शेंद्रा, चिकलठाणा, वाळूज या औद्योगिक वसाहती मिळून माणसं तीच. इथला माणूस नोकरी सोडतो, शहर सोडत नाही. आजचे साहेब उद्या ग्राहकाकडून ऑडिटला येतील आणि आपलीच फाइल उघडतील. त्यामुळे जाणाऱ्याचं पत्र वाचताना खरं किती आणि हप्ता किती, असा प्रश्न साहेबांनाही पडत असणार.

मी क्वालिटीतला. आमच्याकडे प्रश्न अडला की व्हाय-व्हाय ॲनालिसिस करतात. पाचदा ‘का’ विचारलं की मूळ कारण हाती लागतं म्हणे. करून बघितलं. आभार का? शिकायला मिळालं म्हणून. का मिळालं? साहेबांनी चुकू दिलं म्हणून. का चुकू दिलं? वर रिव्ह्यू मीटिंगला स्वतः बोलणी खात म्हणून. का खात? इथे माझं पेन थांबलं, कारण हे त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. मीटिंगमधून बाहेर आले की ते फक्त चहा मागवत.

शेंद्रा कमंगर गावात मांगीरबाबाचं देवस्थान आहे. चैत्रातल्या यात्रेला लांबलांबून माणसं नवस फेडायला येतात. त्यातल्या कुणालाही विचारा, नवस कशाचा हे नेमकं सांगेल: पोरासाठी, दुखण्यासाठी, विहिरीच्या पाण्यासाठी. ‘आपल्या एकूण सहकार्याबद्दल’ असा नवस कुणी फेडत नाही. आभार मानायचे, तर ते असे एका गोष्टीचे मानावेत, हे मला तयार नमुन्यांपेक्षा त्या यात्रेतून जास्त पटलं.

मग प्रेरणा, नेतृत्व, कुटुंबासारखं वातावरण हे सगळं खोडलं आणि एकच गोष्ट लिहिली. वडील घाटी रुग्णालयात भरती होते त्याच आठवड्यात ऑडिट होतं. मी रजा मागायला केबिनमध्ये गेलो, तर साहेबांनी अर्जाचा कागदही घेतला नाही. ‘तू इथं काय करतोस?’ एवढंच म्हणाले. माझ्या फायली घेऊन ऑडिटरसमोर ते स्वतः बसले, हे मला पुढे कँटीनमध्ये कळलं. मी परत आलो तेव्हा वडिलांची चौकशी झाली, ऑडिटचं नावही निघालं नाही.

हे लिहिल्यावर पत्र चार ओळींचं झालं. इतकं आखूड पत्र बरं दिसेल का, म्हणून पुन्हा ‘मार्गदर्शन’ घातलं, पुन्हा काढलं. नो ड्यूजच्या फॉर्मवर हेल्मेट, सेफ्टी शूज, व्हर्निअर, ओळखपत्र अशा सगळ्या परत करायच्या वस्तूंचे रकाने असतात. त्या आठवड्यासाठी रकाना नव्हता; तो मी पत्रात काढला, एवढंच.

मेल पाठवला. संध्याकाळी बस सुटायच्या आधी उत्तर आलं: ‘वाचलं. स्टोअरची सही राहिलीय तुझी. वडील कसे आहेत?’

या तीन वाक्यांचं व्हाय-व्हाय मी केलं नाही. वडील बरे आहेत, एवढं उलट कळवलं आणि स्टोअर बंद व्हायच्या आत सही घ्यायला पळालो.