बुटक्या उमेदवारांस प्राधान्य

कामगारांच्या तक्रारी मिटवायचे मार्ग ठरलेले आहेत. सूचनापेटी टांगा, समिती नेमा, दिवाळीला मिठाईचा पुडा द्या. चीनमधल्या सूझौ शहरातल्या विंटेकच्या कारखान्याने २००९ साली या सगळ्यांवर ताण केली. तक्रार जिथून उठते, त्या मज्जातंतूंवरच थेट इलाज!

इथे ॲपलसाठी टचस्क्रीन तयार होत. पुसायला आधी अल्कोहोल असे. पण ते पडलं सुस्त, वाळायला वेळ घ्यायचं. मग एन-हेक्झेन आलं. चटकन उडतं, मागे डाग नाही. दर काचेमागे चार क्षण वाचले. उडालेलं हेक्झेन बंद खोलीतून जाणार कुठे, हा प्रश्न कोणाच्याच खात्यात बसेना. द्रावक बदललं, हवा खेळती ठेवण्याची सोय बदलायची राहून गेली. ती जबाबदारी कामगारांच्या फुप्फुसांनी उचलली, विनावेतन.

यकृतानेही ओव्हरटाइम न मागता हेक्झेनचं आणखी जहाल रसायन करून दिलं. ते आधी शरीरातले सर्वांत लांब मज्जातंतू गाठतं. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांना मुंग्या येण्यापासून. मग तळवे बधिर, हाताची पकड ढिली, सदऱ्याचं बटण लागता लागत नाही, जिन्यावर पाय दगा देतात. काम सोडलं तरी दुखणं काही आठवडे वाढतच राहतं. इतकी निष्ठा कायम नोकरीतल्यांतही सापडायची नाही.

व्यवस्थापनाला कल्पना नसेल, असं म्हणावं, तर जपानमध्ये चपला चिकटवणाऱ्या कामगारांचे हातपाय याच द्रावकाने १९६०च्या दशकात लुळे केले होते. सगळ्यांत चटकन उडाली ती ही माहितीच.

२०११च्या अहवालात ॲपलने १३७ कामगार बाधित झाल्याचं मान्य केलं. उपचार यशस्वी झाल्याची ग्वाहीही दिली. काही कामगार मात्र पत्रकारांना सांगत होते, त्रास अजून आहे आणि पैसे घेऊन राजीनामा द्या म्हणून दबावही आहे. कागदोपत्री बरा झालेला माणूस इतका हट्टी का असतो, कळत नाही.

दुखावलेला मज्जातंतू पुन्हा वाढू शकतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कंबरेपासून अंगठ्यापर्यंत मोजा, हिशेब वर्षांत जातो. काचेमागचे चार क्षण वसूल झाले ते इथून.

तेव्हा पुढच्या भरतीच्या जाहिरातीत एक अट घालावी: बुटक्या उमेदवारांस प्राधान्य. मज्जातंतू जितका आखूड, तितका तो कंपनीला जास्त दिवस पुरेल. खोलीला पंखा बसवण्यापेक्षा हे नक्कीच स्वस्त पडेल.