या शाळेतून त्या शाळेत, व्हाया टायपिंग सेंटर

संयुक्त अरब अमिरातीत शिक्षकाचा व्हिसा शिक्षकाचा नसतो, शाळेचा असतो. शाळा ही त्याची स्पॉन्सर. ती मानव संसाधन आणि अमिरातीकरण मंत्रालयाकडून वर्क परमिट काढते, त्यावर साधारण दोन वर्षांचा निवास परवाना मिळतो, आणि त्या परवान्यावर उरलेला संसार टांगलेला असतो: घराचा भाडेकरार, बँकेतले खाते, गाडीचे कर्ज, बायको-मुलांचा निवास. महाराष्ट्रात शिक्षकाने संस्था बदलली तर स्टाफरूममधली खुर्ची बदलते आणि चहाच्या वर्गणीचा जुना हिशेब बुडतो. दुबईत किंवा शारजात शाळा बदलणाऱ्याला त्या देशातले आपले कायदेशीर अस्तित्व एकदा रीतसर संपवून पुन्हा सुरू करावे लागते.

पूर्वी हे प्रकरण याहून अवघड होते. जुन्या शाळेची एनओसी नसेल तर बहुतेकांवर सहा महिन्यांची कामबंदी येई, आणि एनओसी देण्यात शाळेचा काहीही फायदा नसे. ज्यांना ती मिळे त्यांनाही नवा व्हिसा लागेपर्यंत अनेकदा देशाबाहेर पडावे लागे. मुंबईला जाऊन येणे खर्चाचे, शिवाय घरी गेल्यावर ‘परत कधी?’ या प्रश्नाला उत्तर नसे. त्यामुळे इराणच्या किश बेटावर जाण्याचा प्रघात पडला. तेथे उतरायला आगाऊ व्हिसा लागत नसे आणि दुबईहून विमान तासाभराच्या आत पोहोचे. नव्या मालकाकडून कागद येईपर्यंत माणसे हॉटेलच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत. बेटावर प्रवाळ आहेत, डॉल्फिन पार्क आहे, समुद्राचे पाणी निळेशार आहे; मात्र तेथे राहून आलेल्या कोणाच्याही तोंडी यातले काही येत नाही, रिसेप्शनवरच्या फॅक्स मशीनची वर्णने तेवढी ऐकायला मिळतात. पुढे शुल्क भरून देशातच व्हिसाचे ‘स्टेटस’ बदलण्याची सोय झाली आणि किशला मराठी माणूस पर्यटक म्हणूनही जाईनासा झाला.

२०१६ पासून नियम सैल होत गेले. २ फेब्रुवारी २०२२ रोजी नवा कामगार कायदा लागू झाला. त्यानुसार प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. प्रोबेशनमध्ये नोकरी सोडून देशाबाहेर जायचे असेल तर १४ दिवसांची नोटीस पुरते. देशातच दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर महिन्याची द्यावी लागते आणि जुन्या शाळेचा भरतीचा खर्च नव्या शाळेने भरून द्यायचा असतो. प्रोबेशननंतरची नोटीस करारानुसार ३० ते ९० दिवसांची. कतारने २०२० मध्ये आणि ओमानने १ जानेवारी २०२१ पासून एनओसीची अट काढली. आखातात कायदा असा मवाळ होत गेला. कागदपत्रांनी मात्र आपला स्वभाव सोडला नाही.

त्यांतला सर्वांत तापट कागद म्हणजे पदवी. ती महाराष्ट्रात राज्य शासनाच्या पातळीवर, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि त्यानंतर अमिरातीच्या वकिलातीकडून अटेस्ट करून घ्यावी लागते. शिक्के आणि स्टिकर मूळ प्रमाणपत्राच्या पाठीवर बसतात. आणि महाराष्ट्रात मूळ प्रमाणपत्र मिळाले की त्याच संध्याकाळी ते लॅमिनेट करण्याची परंपरा आहे. वडिलांनी कौतुकाने कोपऱ्यावरच्या दुकानात दोन्ही बाजूंनी बंद करून आणलेली बी.एड.ची पदवी ओल, वाळवी, हळदीचे डाग आणि वकिलातीचा शिक्का या चारही शत्रूंपासून कायमची सुरक्षित असते. मग विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवणे आले.

नावाचा घोळ निराळा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. काही प्रमाणपत्रांवर आईचेही. पासपोर्टवर नाव आणि नवऱ्याचे नाव एका रकान्यात, सासरचे आडनाव दुसऱ्यात. कुलकर्ण्यांची मुलगी देशपांड्यांची सून झाली, हे लग्नाला आलेल्या चारशे माणसांना ठाऊक असते. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते, आणि तीही अटेस्ट केलेली. हे सगळे पहिल्या नोकरीच्या वेळी झालेले असते, असा नवख्याचा समज असतो. नव्या शाळेसाठी नियामक संस्थेची मंजुरी नव्याने घ्यावी लागते. दुबईत ही संस्था केएचडीए, अबू धाबीत अडेक. म्हणजे फाइल पुन्हा उघडते, आणि पहिल्या वेळी कोणाच्या नजरेत न आलेले एखादे स्पेलिंग या वेळी येते.

आता वेळापत्रक. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, ब्रिटिश शाळांचे ऑगस्टच्या अखेरीस. मार्चमध्ये एकीकडून सुटलेला शिक्षक दुसरीकडे ऑगस्टमध्ये रुजू होणार असेल, तर मधल्या पाच महिन्यांत तो कायद्याच्या दृष्टीने कोण, हा प्रश्न उरतो. व्हिसा रद्द झाल्यावर पूर्वी ३० दिवसांची सवलत होती. ऑक्टोबर २०२२ पासून ती श्रेणीनुसार वाढली, काहींना ६० दिवस तर काहींना १८०. मुदत ओलांडली की दिवसाला ५० दिरहम दंड. हा दंड रविवारीही चालू असतो.

व्हिसा रद्द करण्याची प्रक्रिया शाळेचा पीआरओ, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामे पाहणारा माणूस, करतो. त्यात ‘सर्व येणे मिळाले’ या मजकुराखाली सही मागतात, बहुधा काहीच मिळालेले नसताना. कायद्याने हिशेब १४ दिवसांत चुकता व्हायला हवा. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी, पुढे ३० दिवसांची. ती रक्कम ‘फायनल सेटलमेंट’ म्हणून खात्यात पडली आणि कर्ज बाकी असले, तर बँक खाते गोठवू शकते. बँकेला शिक्षकाच्या नव्या नोकरीचा आनंद थोडा उशिरा होतो.

कुटुंब शिक्षकाच्या स्पॉन्सरशिपवर असेल तर आधी त्यांचे व्हिसे रद्द करावे लागतात किंवा अर्ज करून ‘होल्ड’वर ठेवावे लागतात. त्यामुळे एखादा गणिताचा शिक्षक सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरच्या काउंटरवर टोकन घेऊन, बायको आणि दोन मुले होल्डवर ठेवायची आहेत असे गंभीर चेहऱ्याने सांगताना दिसतो, आणि समोरचा मल्याळी टायपिस्ट मान वर न करता पासपोर्टच्या प्रती मागतो.

या सगळ्यातून सुटलेला एक मोठा वर्ग आहे: नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या शिक्षिका. त्यांचे केवळ वर्क परमिट बदलते, निवास तसाच राहतो. शाळेचा व्हिसाचा खर्च वाचत असल्याने मुलाखतीत विषयज्ञानाच्या आधी हा गुण विचारला जातो. परमिटसाठी पतीचे ना-हरकत पत्र लागत असे. घरात एरवी हरकत कोण घेते, याची चौकशी मंत्रालयाने कधी केली नाही.

बाकीच्यांची शेवटी नवी मेडिकल होते. क्षयासाठी छातीचा एक्स-रे, एचआयव्हीसाठी रक्त, मग एमिरेट्स आयडी. एप्रिल २०२२ पासून पासपोर्टवर निवासाचे स्टिकर चिकटवणे बंद झाले असून हे कार्डच पुरावा मानले जाते.

शाळा बदलू पाहणाऱ्याने नवे ऑफर लेटर मंत्रालयाच्या प्रणालीत नोंदले गेल्याची खात्री होईपर्यंत राजीनामा देऊ नये, आणि कुटुंबाचा होल्डचा अर्ज स्वतःचा व्हिसा रद्द होण्यापूर्वी करावा. मुलाखतीला जाताना पदवीची झेरॉक्स पुरते.