दगडांचे सोयरे

१८२४ सालच्या फेब्रुवारीत लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या दारात एक पाहुणा येऊन अडकला. वय सुमारे २० कोटी वर्षं, लांबी नऊ फूट, मान अतोनात लांब आणि तिच्या टोकाला डोकं एवढंसं. प्लेसिओसॉर जातीचा हा समुद्री सरपटणारा प्राणी दगडाच्या भल्या थोरल्या लादीत रुतलेल्या अवस्थेतच दक्षिण किनाऱ्यावरून जहाजाने आला होता. आधी जहाज वाटेत रखडलं. मग लादी पोचली, तर ती जिन्यात मावेना. हमालांनी पुष्कळ जोर लावून पाहिला आणि शेवटी तिला तळमजल्याच्या बोळात टेकवून घाम पुसला. सभा वरच्या मजल्यावर आणि उत्सवमूर्ती खाली, अशा थाटात तो समारंभ पार पडला.

वर रेव्हरंड विल्यम कॉनिबेअर यांनी या प्राण्यावर निबंध वाचला. त्याच संध्याकाळी ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड यांनी मेगॅलोसॉरस नावाचा आणखी एक अजस्र प्राणी जगापुढे मांडला. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. ‘डायनोसॉर’ हा शब्द निघायलाच अजून १८ वर्षं होती. एकंदरीत संध्याकाळ सुफळ संपूर्ण झाली. फक्त प्लेसिओसॉर जिने शोधला, खणून काढला आणि साफ केला, त्या २४ वर्षांच्या मेरी ॲनिंगचं नाव निबंधात कुठेच आलं नाही. सांगाड्याची अडचण जिन्यापाशी होती, मेरीची दारापाशीच. सोसायटीने बायकांना सभासद करून घेतलं ते १९१९ साली.

गंमत अशी, की त्या काळच्या जीवाश्मवेड्या मंडळींत सर्वांत मोठा गोतावळा कोणाचा असेल, तर तो या दाराबाहेरच्या बाईचा. गोतावळा जमायला सभागृह लागलं नाही. समुद्राची पुळण, टपाल आणि पेंढा भरलेली खोकी एवढ्यावर काम भागलं.

मेरीचं गाव लाइम रीजिस, डॉर्सेट परगण्यात. तिथले कडे चुनखडी आणि चिकणमातीच्या थरांचे, म्हणजे मूळचेच ढिसूळ. हिवाळी वादळात ते ढासळतात. दरड कोसळली की शहाणी माणसं लांब पळतात. लाइमची ही मंडळी हातोडा आणि टोपली घेऊन तिकडेच धावत. कारण उघडच होतं. नवी दरड म्हणजे नवे जीवाश्म, आणि दोन-चार भरत्या येऊन गेल्या की समुद्र ते स्वतःच्या घरी नेणार. मेरीचे वडील सुतार. फर्निचरच्या जोडीला ते असे दगड सहलीला आलेल्या पाहुण्यांना विकत. वळणावळणाच्या अमोनाइटांना गिऱ्हाईक ‘नागदगड’ म्हणे, आणि लांबुडक्या बेलेम्नाइटांना ‘सैतानाची बोटं’.

नागदगड ऐकून मराठी वाचकाने हसू नये. आपल्या देवघरातल्या कित्येक शाळिग्रामांच्या पोटात जे चक्र असतं, तो नेपाळातल्या गंडकी नदीतून आलेला अमोनाइटच. इंग्रजांनी त्याला दोन-चार शिलिंगांना विकलं. आपण दर कार्तिकात तुळशीशी त्याचं लग्न लावतो, म्हणजे जीवाश्माला थेट जावई करून घेतो. जीवाश्म जमवणाऱ्यांनी एवढी मजल अजून मारलेली नाही.

मेरी ११ वर्षांची असताना वडील वारले, मागे कर्ज ठेवून. पुढच्याच वर्षी भाऊ जोसेफला कड्यात एक प्रचंड कवटी दिसली. तिच्या मागचं धड मेरीने शोधून काढलं. तो इक्थिओसॉर हा समुद्री सरपटणारा प्राणी होता आणि गावच्या जमीनदाराने तो सुमारे २३ पौंडांना घेतला. पण असे सांगाडे काही दर महिन्याला सापडत नाहीत. १८२० साल उजाडलं तेव्हा घरभाड्यासाठी सामान विकायची पाळी आली होती. त्या सुमाराला लेफ्टनंट कर्नल थॉमस बर्च नावाचे त्यांचे एक गिऱ्हाईक लाइमला आले. घरातली स्थिती पाहून त्यांनी एक निर्णय घेतला. कुठल्याही संग्राहकाला तो घेऊन दाखवा म्हणावं: स्वतःचा सगळा संग्रह लंडनला लिलावात काढला आणि आलेले ४०० पौंड ॲनिंग कुटुंबाच्या हवाली केले. त्यांतले बरेचसे नग मुळात याच कुटुंबाकडून विकत घेतलेले. म्हणजे कर्नलसाहेबांनी तेच दगड विकत घेतले, तेच विकले आणि दोन्ही वेळचे पैसे त्याच घरात टाकले. गावात कुजबूज व्हायची ती झालीच. एखादा माणूस बिनस्वार्थाने संग्रह मोडतो, यापेक्षा प्रेमप्रकरण पटायला सोपं होतं.

तिकडे सिल्व्हर स्ट्रीटवर फिलपॉट भगिनी राहत. मेरी, मार्गारेट आणि एलिझाबेथ, तिघीही अविवाहित. वकील भावाने त्यांची या गावात सोय लावून दिली होती. सुखवस्तू घरातल्या कुमारिकांनी भरतकाम करावं, पेटी वाजवावी, अशी तेव्हाची रीत. यांनी घरभर कपाटं करून त्यांत मासे भरले. मासे अर्थात दगडातले. एलिझाबेथ मेरीपेक्षा जवळजवळ २० वर्षांनी मोठ्या आणि सामाजिक पायरीनेही कितीतरी वर, तरी चिखलात दोघी जोडीने दिसत. मेरीने भूशास्त्र वाचावं म्हणून एलिझाबेथ मागे लागल्या. बेलेम्नाइटांत वाळलेल्या शाईच्या पिशव्या असतात, हे मेरीने हेरलं होतं. एलिझाबेथनी ती शाई पाण्यात उगाळली आणि तिनेच इक्थिओसॉरची चित्रं काढली. मॉडेलही जुरासिक आणि शाईही जुरासिक. कंपनीची शाई वर्षभरात फिकी पडते म्हणून कुरकुरणाऱ्यांनी ही गोष्ट मनाला लावून घेऊ नये.

या मंडळींना सर्वांत घट्ट बांधलं ते मात्र एका अशा विषयाने, जो चारचौघांत काढायची चोरी. इक्थिओसॉरांच्या पोटाच्या जागी मेरीला लांबट गोळे सापडत. फोडले तर आत माशांचे काटे आणि खवले. लोक त्यांना औषधी खडे समजत होते. मेरीच्या निरीक्षणांवरून बकलंड यांनी ओळखलं, की ही त्या प्राण्यांची विष्ठा आहे. १८२९ साली त्यांनी तिला ‘कोप्रोलाइट’ असं भारदस्त नाव देऊन विद्वानांत मानाचं स्थान मिळवून दिलं. बकलंड हे धर्मगुरू आणि पुढे वेस्टमिन्स्टर ॲबीचे डीन. त्यांच्या टपालात अशा मालाची आवक सुरू झाली. त्यांच्याकडे एक सुंदर मेज होतं. त्यात कोप्रोलाइटांचे चकचकीत पॉलिश केलेले काप बसवलेले. ते आता लाइमच्या संग्रहालयात आहे. पाहुणे त्या नक्षीचं मनापासून कौतुक करतात आणि मग खालची पाटी वाचतात.

हेन्री डी ला बेश हा मेरीचा लहानपणापासूनचा सवंगडी. लष्करी शाळेतून काढून टाकल्यावर त्याला लाइमच्या पुळणीवर आयुष्याचं काम सापडलं. त्याने बकलंड यांच्या या संशोधनावर एक व्यंगचित्र काढलं. डीनसाहेब झगा घालून गुहेच्या तोंडाशी उभे आणि आत तमाम प्राणिसृष्टी शरीरधर्मात गुंतलेली! आज कोणी वडीलधाऱ्या प्राध्यापकाचं असं चित्र काढलं तर चौकशी समिती नेमली जाईल. बकलंड यांची मैत्री मात्र टिकली. १८३० साली मेरीचा हात पुन्हा आखडला, तेव्हा याच डी ला बेशने प्राचीन डॉर्सेटच्या समुद्राचं एक जलरंगातलं चित्र काढलं. त्यात जो तो दुसऱ्याला खातो आहे, आणि खाल्लेल्याची पुढची अवस्थाही चित्रकाराने गाळलेली नाही. जीवाश्मांवरून जुनं जग उभं करणारं हे सुरुवातीच्या चित्रांपैकी एक. त्याच्या छापील प्रती त्याने मित्रमंडळींना अडीच पौंडांना विकल्या आणि पैसे मेरीला दिले. सरपटणाऱ्यांच्या भोजनसमारंभाने एका घरचं भाडं भागलं.

बकलंड यांच्या घरी पाळलेलं अस्वल होतं, तरस होतं आणि ताटात काय येईल याचा नेम नव्हता. प्राणिसृष्टीतला शक्य तेवढा भाग खाऊन पाहायचा त्यांचा संकल्प होता. एका दगडातले ठसे कोणत्या प्राण्याच्या पावलांचे, हे कोडं त्यांना एका मध्यरात्री सुटलं. त्यांनी पत्नीला उठवलं. पत्नी, म्हणजे मेरी मोरलंड, स्वतः जीवाश्मांच्या जाणकार आणि उत्तम चित्रकार. अशा वेळी सामान्य संसारात जे बोललं जातं ते इथे बोललं गेलं नाही. बाईंनी उठून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पीठ भिजवून लाटलं, साहेबांनी कासव आणलं आणि त्याला त्या पिठावरून चालवलं. ठसे जुळले. कासवाला काय वाटलं, याची नोंद नाही.

अशा गोतावळ्यात मेरीची जागा नेमकी कुठली, हे तिलाही सोपं नव्हतं. शार्लट मर्चिसन १८२५ साली भूशास्त्रज्ञ नवऱ्याबरोबर लाइमला आल्या. नवरा पुढच्या दौऱ्याला गेला आणि त्या काही आठवडे मेरीच्या हाताखाली जीवाश्म शोधायला शिकल्या. पुढे मेरी लंडनला गेली, ती त्यांच्याच घरी उतरली. १८३३ साली दरड कोसळून मेरीचा कुत्रा ट्रे तिच्या पायांशी मेला. दरड दोन पावलं इकडे आली असती तर तीही वाचली नसती. हे तिने पत्रातून कळवलं ते शार्लटना. स्विस शास्त्रज्ञ लुई अगासीने लाइमला येऊन हे संग्रह पाहिले आणि माशांच्या जातींना मेरी आणि एलिझाबेथ या दोघींची नावं दिली. स्वतःच्या देशातल्या विद्वानांना जे सुचलं नाही, ते परदेशी पाहुण्याने केलं. विद्वान लोक आपलं ज्ञान शोषून घेतात आणि आपल्या पदरात काही पडत नाही, अशी तक्रार मेरी आपल्या तरुण मैत्रिणीपाशी, ॲना मरिया पिनीपाशी करत असे. तक्रार रास्त होती. दुसऱ्या दिवशी त्यांतलाच कोणी विद्वान दारात आला, की ती टोपली उचलून त्याला कड्याखाली घेऊनही जाई.

धर्मगुरूंना दगडांचं वेड लागणं हा रोग इंग्लंडपुरता राहिला नाही. नागपुरात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोन स्कॉटिश मिशनरी शिकवायला आले आणि सीताबर्डीची टेकडी, टाकळी, मंगळी असं हिंडत शंख, बिया, हाडं गोळा करू लागले. दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायी निघत. मंगळीला एका जुन्या उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. ती लंडनला प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली आणि ‘ब्रॅकिऑप्स’ होऊन छापली गेली. नागपूरच्या जीवाश्मांवरचा दोघांचा निबंध १८५५ साली प्रसिद्ध झाला, दोघांच्या नावाने, आणि छापणारी तीच जिऑलॉजिकल सोसायटी. १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून हिस्लॉप गेले. नागपूरकरांना त्यांचं नाव आज कॉलेजमुळे माहीत आहे. ओवेन यांच्याकडे त्याआधी मुंबईहूनही टपाल पोचलं होतं: वरळीच्या खडकातले चिमुकले बेडूक, ज्यांना त्यांनी १८४७ साली नाव दिलं. वरळीत जागेची टंचाई आहे म्हणतात, ती बेडकांच्या काळातही असावी. एकेका लहानशा दगडात ते दाटीवाटीने सापडतात.

मेरी १८४७ साली कर्करोगाने वारली. आजारपणात सोसायटीच्या सभासदांनी वर्गणी काढून तिला मदत केली होती. पुढच्या वर्षी अध्यक्ष या नात्याने डी ला बेशने वार्षिक सभेत तिला आदरांजली वाहिली, म्हणजे अखेर तिचं नाव वरच्या मजल्यावर पोचलं. १८५० साली त्याच मंडळींनी लाइमच्या चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली. तिच्यावर भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, रुग्णांची विचारपूस अशी दयाधर्माची चित्रं आहेत. इतक्या भूशास्त्रज्ञांनी मिळून पैसे दिले, पण खिडकीत औषधालाही जीवाश्म नाही. ती चूक २०२२ साली थोडी दुरुस्त झाली. एका शाळकरी मुलीने लाइममध्ये मेरीचा पुतळा का नाही, असं विचारलं, वर्गण्या गोळा झाल्या आणि पुतळा उभा राहिला. हातात हातोडा, पायाशी ट्रे.

त्याच वर्षी त्याच किनाऱ्यावर, किमरिज गावाजवळ, एका संग्राहकाला पुळणीवर प्लिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या नाकाडाचा शेंडा सापडला. एकट्याला उचलेना, म्हणून त्याने स्टीव्ह एचेस यांना बोलावलं. एचेस पेशाने प्लंबर. आयुष्यभर फावल्या वेळात किमरिजचे जीवाश्म जमवले, ते ठेवायला गावात संग्रहालय उभं राहिलं. आता या माणसाने तोटी दुरुस्त करावी की कवटी, हा प्रश्न गावाने केव्हाच निकालात काढला होता. दोघांनी जमेल तशी डोली करून नाकाड वाहून नेलं. मग ते नेमकं कुठून पडलं हे पाहायला ड्रोन उडवला. उरलेली कवटी सरळसोट कड्याच्या मध्यावर अडकलेली निघाली. माणसं दोरांना लटकली, आठवडेच्या आठवडे खणत राहिली आणि दोन मीटर लांबीची, १३० दातांची कवटी खाली उतरली. नाकाड आणि कवटी एकमेकांना जुळले, आणि ते आता एचेस यांच्या संग्रहात एकत्र आहेत.

धड मात्र वरच राहिलं. ते कड्यात आहेच, यावर जीव पणाला लावायला तयार आहोत, असं एचेस यांनी बीबीसीला सांगितलं. ज्या कड्यावर माणसांनी स्वतःला दोरांना टांगून घेऊन कवटी काढली, त्याच कड्याबद्दल हे बोलणं चाललं होतं. ते ऐकून घरच्यांनी दोर दुसरीकडे नेऊन ठेवला नसेल, तर नवल.