पहिला आलेला टायर

आमच्या घराण्यात टायर या विषयावर पिढ्यान्‌पिढ्या एकच प्रश्न विचारला गेला: "तार दिसायला लागली का?" दिसत नसेल तर टायर नवा. दिसत असेल तर रिमोल्ड मारून घ्यायचा. रिमोल्डही झिजला की त्याचा झोपाळा करून परसातल्या आंब्याला टांगायचा. सांगलीत बाबांच्या गाडीचे टायर इतके गुळगुळीत असत की पावसात भिजल्यावर त्यांत बघून भांग पाडता आला असता. अशा संस्कारांत वाढलेला माणूस नोकरीसाठी श्टुटगार्टला गेला आणि पहिल्याच ऑक्टोबरात त्याला कळलं, की इथे गाडीचे उन्हाळी टायर वेगळे आणि हिवाळी वेगळे.

आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं.

"टायर आहेत का स्वेटर?" ती म्हणाली. "आणि उन्हाळ्यातले काढले की ठेवतात कुठे?"

"हॉटेलात."

हे खरं आहे. गॅरेजवाले भाडं घेऊन तुमचे बिनमोसमी टायर सहा महिने सांभाळतात आणि त्या सोयीला जर्मनीत 'राइफेनहोटेल' म्हणतात, म्हणजे टायरांचं हॉटेल. आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "नागपूरच्या लग्नात आपण सहाजण मामाच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपलो होतो. आणि तुझे टायर हॉटेलात."

तसा मी गाड्यांच्याच धंद्यातला. सीट गरम करणाऱ्या बटणामागच्या सॉफ्टवेअरचा एक कोपरा माझ्याकडे आहे. गाडीचा जो भाग जमिनीला टेकतो त्याच्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. पण ऑफिसात मी 'ऑटोमोबाइलवाला' आणि श्टुटगार्टच्या मराठी मंडळींत तर साक्षात गाड्यांचा धन्वंतरी. त्यामुळे मला ठाऊक नाही असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

मग अभ्यासाला बसलो. जर्मनीत २०१० पासून नियम आहे, की रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा दंव असेल तर हिवाळी टायर हवेतच. कायद्यात तारीख नाही, परिस्थिती आहे. नुसती निसरड्या रस्त्यावर उन्हाळी टायरांवर गाडी चालवली तरी ६० युरो दंड आणि परवान्यावर एक काळा ठिपका. लोक मात्र 'ओ ते ओ' हा सोपा हिशोब धरतात: ओक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. आपल्याकडे मृग लागला की छत्री काढतात, तसं.

कारणही घरगुती आहे. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं ना, तसं उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक होत जातं आणि रस्त्याला धरेनासं होतं. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या अंगावर शेकडो बारीक चिरा असतात, भेगाळलेल्या टाचेसारख्या. त्या चिरांच्या कडा बर्फाला चावतात, खाचांमध्ये बर्फ भरून बसतो आणि बर्फ बर्फाला रबरापेक्षा चांगला धरतो. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चित्र असेल तरच तो हिवाळी. पूर्वी नुसत्या 'एम प्लस एस' या अक्षरांवर भागायचं. पण ती अक्षरं कंपनी कसलीही चाचणी न देता छापू शकते, म्हणून सप्टेंबर २०२४ नंतर त्यांना जर्मनीत हिवाळ्यापुरती किंमत उरली नाही.

इथवर सगळं बरोबर होतं. घात पुढे झाला.

एका जर्मन मासिकात हिवाळी टायरांच्या तुलनेचा तक्ता मिळाला. कोरडा रस्ता, ओला रस्ता, बर्फ, गोठलेलं पाणी, आवाज, झीज, प्रत्येक रकान्यात टायरला गुण. माझं जर्मन तेव्हा बेकरीत ब्रेड मागण्यापुरतं होतं. पण गुणांना भाषा लागते का? दहावीला तालुक्यात तिसरा आलेला मनुष्य आहे मी. गुणांचा तक्ता दिसला की माझ्या अंगात येतं. सगळे आकडे एक्सेलमध्ये उतरवले. प्रत्येक रकान्याला भारांक दिला. श्टुटगार्ट खोलगट कढईत वसलेलं गाव आहे. हिवाळ्यात तिथे बर्फ चार दिवस आणि ओलं डांबर चार महिने, म्हणजे सगळ्यात जास्त वजन ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकला द्यायला हवं होतं. मी इग्लूत राहायला निघाल्यासारखं ऐंशी टक्के वजन बर्फाला दिलं. मग सगळ्यांत जास्त गुण वर येतील अशी क्रमवारी लावली.

पहिला आला ४.९ गुणांचा एक टायर.

गंमत म्हणजे मासिकात तो यादीच्या तळाला होता. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. आपल्याकडे गॅदरिंगला उत्तेजनार्थपासून सुरुवात करून पहिला नंबर शेवटी पुकारतात, तशी ती उत्सुकता ताणण्याची पद्धत असावी. त्याच्या नावापुढे एक शब्दही छापलेला होता: 'मांगेलहाफ्ट'. अर्थ बघितला नाही. त्यात 'मंगल' ऐकू येत होतं, तेवढं मला पुरलं.

आणि हा पहिला आलेला टायर सगळ्यात स्वस्त होता!

"सगळ्यात चांगला टायर सगळ्यात स्वस्त कसा?" बायकोने विचारलं.

मी तिला बाजारपेठ, ब्रँडचं मानसशास्त्र आणि जाहिरातखर्च या विषयांवर चाळीस मिनिटं समजावलं. ती म्हणाली, "तुझं तू बघ." आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली आहेत. या तीन शब्दांनंतर माझं कधीही भलं झालेलं नाही, हे आजवर माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तक्ता मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'भावनेच्या नव्हे, आकड्यांच्या आधारे.' सत्तावीस अंगठे आले. दोन कुटुंबांनी तेच टायर मागवले. फक्त आमच्या कोल्हापूरकरांनी मागवले नाहीत. हा गृहस्थ थेट गॅरेजमध्ये गेला, "कुठले घालू?" असं विचारलं आणि मेस्त्रीने सांगितलेले महागडे टायर घालून आला. मी त्याचा टायर माझ्या तक्त्यात शोधला. २.१!

"दोन पॉइंट एक?" मी म्हणालो. "अरे, हा तर काठावर पास झालाय. पाचपैकी धरलं तरी बेचाळीसच टक्के."

"असूदे की भावा," तो म्हणाला. "मेस्त्री म्हणाला, गाडी थांबतीया. मला तेवढंच पायजे."

गॅरेजवाल्यांकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सिद्धिविनायकासारखी रांग असते. माझा नंबर नोव्हेंबरच्या शेवटी लागला. टायरची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असल्यामुळे नियमाप्रमाणे स्पीडोमीटरजवळ १९० आकड्याचं स्टिकर चिकटवण्यात आलं. उभ्या आयुष्यात मी १९० ने गेलेलो नाही, पण स्टिकरकडे बघून छाती फुगली. मेस्त्री मात्र टायरकडे बघून काहीतरी पुटपुटला. मी त्याला अंगठा दाखवला.

डिसेंबरात पहिला दणदणीत बर्फ पडल्यावर मी कोल्हापूरकरांना आव्हान दिलं. तुलना करूच. स्थळ: ब्लॅक फॉरेस्टमधला मुमेलझे तलाव, श्टुटगार्टपासून शंभरेक किलोमीटर. उंची १,०३६ मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा कमी, म्हणून मला त्याची भीती वाटली नाही. सकाळी लवकर वाहनतळाचा एक कोपरा रिकामा मिळेल, तिथे ताशी तीसच्या वेगाने येऊन ब्रेक मारायचा, कोण किती पावलांत थांबतं ते मोजायचं. हरेल त्याने मिसळ घालायची.

वाटेत मी बायकोला आणि लेकीला फिनलंडबद्दल सांगितलं. तिथल्या एका रबर कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकांसाठी हिवाळी टायर काढला, दोन वर्षांनी मोटारींसाठी. तोच कारखाना पुढे १९६७ मध्ये नोकियात विलीन झाला, ज्यांच्या फोनवर आपण कॉलेजात साप पळवला. हल्ली हे टायर आर्क्टिक वर्तुळापलीकडे इव्हालोला नेऊन तपासतात. एकच गाडी, एकच ड्रायव्हर, आणि दर थोड्या वेळाने तोच एक संदर्भ टायर पुन्हा चढवून बघतात, कारण सकाळचा बर्फ आणि दुपारचा बर्फ सारखा नसतो.

"आपल्याकडे संदर्भ टायर कुठला?" बायकोने विचारलं.

आमच्या प्रयोगात गाड्या दोन, वजनं वेगळी, ड्रायव्हर दोन आणि त्यांतला एक मी. संदर्भ म्हणून लेकीने बर्फात एक लाल हातमोजा ठेवला.

आधी कोल्हापूरकर आले. तीसने आले, हातमोज्यापाशी ब्रेक मारला, गाडी जराशी कुरकुरली आणि सतरा पावलांवर उभी राहिली. एखादी सोशिक म्हैस दावणीला येऊन थांबावी, तशी. खाली उतरून त्यांनी चहाचा थर्मास काढला.

मग मी निघालो. जिंकायचंच म्हणून पाय थोडा जड पडला. हातमोज्यापाशी काटा ३८ वर होता. इथे इंजिनिअर म्हणून कबूल करतो, की थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. तीसचे अडतीस झाले की तेच अंतर जवळजवळ एक पूर्णांक सहा पट होतं. म्हणजे कोल्हापूरकरांच्या टायरांवर असतो तरी मला सत्तावीस पावलं लागली असती. पण माझ्या पायाखाली गुणवत्ता यादीतला पहिला नंबर होता!

ब्रेक दाबला. पायाखाली एबीएस पापड भाजल्यासारखं तडतडायला लागलं. गाडीने माझ्याकडे दुर्लक्ष केलं. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, गाडी सरळच. डावीकडे फिरवलं, तरी सरळच. नंदीबैल तरी मान हलवतो. सतरा पावलं गेली, सत्तावीस गेली. पुढे जमिनीला नकळत उतार होता आणि त्यावर रात्रीचा घोटलेला बर्फ. वेग माणसाच्या चालण्याइतकाच राहिला होता, पण शून्य काही होत नव्हता. कोल्हापूरकरांच्या समोरून मी इतक्या सावकाश गेलो की आमचं बोलणं झालं. ते म्हणाले, "थांब की आता." मी म्हणालो, "थांबलोय." आणि नांगरगाडीने रचून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात गाडी बॉनेटपर्यंत शिरली.

आवाजसुद्धा झाला नाही. फुस्स, बस.

मागे घ्यायला गेलो तर चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. एवढ्यात बर्फ लोटणाऱ्या नांगरगाडीचा ड्रायव्हर उतरून आला. साठीचा, मिशाळ, अबोल. त्याने वाकून माझ्या टायरकडे बघितलं. मग एकच शब्द विचारला.

"झोमरराइफेन?"

उन्हाळी टायर? मी ताठ मानेने टायरवरचा डोंगर आणि हिमकण दाखवला. नवाकोरा टायर, आठ मिलिमीटरची नक्षी! त्याने डोंगर बघितला, माझ्याकडे बघितलं, परत डोंगराकडे बघितलं. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच, की टायरने बर्फावरच्या पकडीची किमान परीक्षा पार केली. पस्तीस टक्केवालाही पासच असतो, हे मला आत्ता कळतंय. शेवटी कोल्हापूरकरांनी त्यांच्या २.१ वाल्या गाडीला दोर बांधून मला बाहेर काढलं. ओढताना त्यांची चाकं एकदाही गरगरली नाहीत. मिसळ मी घातली. फरसाण त्यांनी आणलं, कारण माझ्याकडचं मऊ पडलं होतं.

तरीही मी हरलो नव्हतो. दोष बर्फाचा, उताराचा, अडतीसचा, हातमोज्याचा. तक्त्याचा नाही.

जानेवारीत लेक शाळेतून आली. गणिताचा पेपर टेबलावर ठेवला. वर लाल शाईत एक आकडा: १.

"एक?" मी ओरडलो. "एकच मार्क? आपल्या घरात कुणाला गणितात..."

"बाबा," ती म्हणाली, "एक म्हणजे सगळ्यात भारी. इथे एक बेस्ट आणि सहा सगळ्यात वाईट. आमच्या वर्गात फक्त तिघांना एक आहे. पाच मिळाला तर आईबाबांना बोलावतात."

मी पेपर खाली ठेवला.

"बाबा, तू पांढरा का पडलास?"

"बाळा," मी विचारलं, "मांगेलहाफ्ट म्हणजे काय गं?"

"पाच मिळाला की बाजूला बाई तेच लिहितात. म्हणजे, कमी आहे खूप. म्हणजे, नापास."

स्वयंपाकघरातून काहीच आवाज आला नाही. बायको हसत असती तरी चाललं असतं. तिने नुसता कुकरचा गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

नवे टायर घेतले आहेत, २.१ वाले. चढवताना मेस्त्री काही पुटपुटला नाही. जुने चार मी हॉटेलात ठेवणार होतो, पण बायको म्हणाली, नापासांना हॉटेल नाही.

आता विनंती. मंडळातल्या ज्या दोन कुटुंबांनी नोव्हेंबरात माझा तक्ता बघून टायर मागवले, त्यांनी हा लेख वाचल्यावर गाडी काढू नये. मला फोन करावा. अर्धे पैसे मी देतो. आणि ज्यांनी तो तक्ता पुढे पाठवला आहे त्यांनी, कृपा करून, तो उलटा करून परत पाठवावा. पहिल्या रकान्यावर क्लिक करायचं आणि 'लहान ते मोठा' निवडायचं. एवढंच करायचं होतं.