मटार थांबू शकतो

डिसेंबर लागला की पुण्याच्या मार्केट यार्डात आणि नागपूरच्या कळमन्यात मध्य प्रदेशचा मटार उतरू लागतो. त्यात जबलपूरचा मोठा वाटा. पाटण, शहापुरा, पनागर, सिहोरा या पट्ट्यात सकाळी शेंगा तोडायच्या, दुपारनंतर मंडीत आणायच्या, संध्याकाळी गाडी भरायची आणि रात्री नागपूरच्या वाटेला लावायची. पहाटेच्या लिलावाला माल हजर पाहिजे. या वेळापत्रकात धुक्याला जागाच ठेवलेली नाही.

जबलपूर ते नागपूर हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रात्री अकराच्या सुमारास निघालेली भरली गाडी तिलवारा घाटावर नर्मदा ओलांडते, बरगी, धूमा, लखनादौन मागे टाकते आणि पहाटे तीन-चारला सिवनीच्या पुढे कुरईच्या जंगलात शिरते. नेमकी हीच धुक्याची वेळ. मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, पडून आभाळ मोकळं झालेलं असतं, वारा पडलेला असतो, पाणी दिलेली शेतं दोन्ही बाजूंना ओली असतात. वेधशाळेच्या हिशेबात २०० मीटरच्या पुढचं दिसेनासं झालं की दाट धुकं आणि ५० मीटरच्या आत आलं की अतिदाट. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच पंचवीसेक मीटर संपतात, आणि भरलेली गाडी ब्रेक दाबल्याबरोबर थांबत नाही.

आत केबिनमध्ये काय चालतं ते एकदा बघावं. श्वासाच्या वाफेने काच आतून धूसर होते, क्लीनर गमछ्याने पुसत राहतो, दोन मिनिटांत ती पुन्हा धूसर. मोठा लाइट लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून डिपरवर चालवायचं. शेवटी ड्रायव्हर बाजूची काच खाली करतो, त्या थंडीत डोकं बाहेर काढतो आणि दुभाजकाच्या कडेचा पट्टा धरून गाडी हाकतो. किंवा पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरतो. पुढचा चुकला की मागचाही चुकला. नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. लोक ती उन्हाळ्याची सोय समजतात, पण एसी चालू असला की काचेवरची वाफही जाते. रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांना मात्र गमछाच आहे.

मग थांबत का नाही? लखनादौनच्या अलीकडे ढाब्यावर चहा घेताना पांढुर्ण्याच्या एका ड्रायव्हरला मी हेच विचारलं. तो म्हणाला, “थांबलो का मालकाचा फोन येते. बाकीच्या गाड्या पोचल्या, तुलेच काहून धुकं लागलं?” या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही. पोचलेल्या गाड्या मोजल्या जातात, न पोचलेल्यांची बातमी होते. उशीर झाला की भाड्यातून कापतात आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याला बोलावतात. मालकाचाही हात दगडाखाली असतो, कारण त्याला व्यापारी हेच ऐकवतो. फोन वरून खाली येत राहतो आणि शेवटचा फोन ज्याच्या खिशात वाजतो त्याच्या हातात स्टिअरिंग असतं.

थांबायचं म्हटलं तरी कुठे? ढाब्याचं आवार मध्यरात्रीच भरतं. महामार्गाच्या कडेला गाडी लावली तर मागून येणारा तीत घुसतो. उभ्या ट्रकला मागून धडक ही बातमी हिवाळाभर येते. वर धोकादायक जागी वाहन उभं केलं म्हणून दंड. म्हणजे चाललो तरी मरण, थांबलो तरी मरण, आणि निवड मात्र ड्रायव्हरची, असं आपण म्हणत राहतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये धुक्यातल्या अपघातांत देशभरात १४ हजारांवर माणसं गेली.

याच जबलपुरात पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. धुक्यात गाडी कशी चालवायची हे रेल्वेने लोको पायलटच्या हिमतीवर सोडलेलं नाही. सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळावर फटाके बांधतात, चाकाखाली ते फुटले की सिग्नल जवळ आल्याचं कळतं. आता इंजिनात पुढचा सिग्नल सांगणारं उपग्रहावर चालणारं यंत्रही असतं, वेगाला मर्यादा असते, आणि गाडी चार तास उशिरा आली म्हणून पायलटच्या पगारातून कोणी कापत नाही. डुमना विमानतळावर धावपट्टी दिसत नसेल तर वैमानिक दुसरीकडे उतरतो आणि प्रवासी कुरकुरत का होईना, मान्य करतात. धुकं तिन्ही ठिकाणी एकच. नियम दोघांना आहे आणि तिसऱ्याला फोन आहे.

ड्रायव्हरसाठी कायदा नाही असं नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालत होता. रस्ता दिसत नसताना गाडी लावून ठेवण्याचा हक्क त्यात नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी संप केला तो अपघात करून पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद देणाऱ्या कलमाविरुद्ध. ते कलम अजून लागू केलेलं नव्हतं, तरी पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सगळा देश त्यावर बोलला. पहाटे चारला “निघ” म्हणून फोन करणाऱ्याला काय शिक्षा, हे त्या चर्चेत फारसं कुणी विचारलं नाही. मला तोच प्रश्न मोठा वाटतो.

आता मटाराकडे बघा. तोडल्यावर त्यातली साखर हळूहळू पिठात बदलते, पोत्यात ऊब धरली की ते लवकर होतं, हे खरं. म्हणून घाई. पण धुकं पडतं ते थंडीत! ज्या रात्री रस्ता दिसत नाही त्या रात्री पोत्यातला मटारही गारच राहतो. चार तास उभा राहिला म्हणून तो सडत नाही. वाया जाते ती लिलावाची वेळ. लिलाव माणसांनी ठरवलेला आहे, तो माणसांना पुढे ढकलता येतो.

कळमन्यात आणि पुण्यात बाजार समित्या आहेत, अडते आहेत, त्यांचे संघ आहेत. डिसेंबर-जानेवारीचे आठ आठवडे धुक्यात अडकलेल्या गाड्यांसाठी दुपारी एक जादा लिलाव ठेवायला कुठलाही नवा कायदा लागत नाही. वेधशाळेने दाट धुक्याचा इशारा दिलेल्या रात्री उशिराबद्दल भाड्यात कपात नाही, एवढी एक ओळ बिल्टीवर छापायला पैसाही लागत नाही. महामार्ग प्राधिकरणाने लखनादौन ते खवासा या पट्ट्यात उजेड असलेले, रस्त्यापासून आत घेतलेले वाहनतळ वाढवावेत आणि टोलनाक्यावर पुढे किती मीटर दिसतंय ते लिहावं. ज्या रात्री आकडा पन्नासच्या आत असेल, त्या रात्री भरल्या गाड्या नाक्यावरच अडवाव्यात. मग “बाकीच्या गाड्या पोचल्या” असं मालकाला म्हणता येणार नाही, कारण बाकीच्याही तिथेच उभ्या असतील.