शहाण्या कानांना काय कळणार

शहाणा श्रोता संगीताच्या काही कामाचा नाही. नवा अल्बम आला की तो 'ज्याची त्याची आवड' म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. गाणं जगतं ते वेड्यांच्या जिवावर. जो चिडतो, रडतो, 'यांनी वाट लावली' म्हणून रात्रभर वाद घालतो, त्या मूर्खाची थोरवी कुणीतरी गायला हवी.

१९८२ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात 'द पोग्ज' जमले. आयरिश लोकगीतं, पण पंकच्या वेगात आणि पंकच्या तोंडाळपणाने. अकॉर्डियन, बँजो आणि पुढे शेन मॅकगोवनचा खरबरीत आवाज. टिन व्हिसल वाजवणारा स्पायडर स्टेसी काही गाण्यांत बिअरचा ट्रे स्वतःच्या डोक्यावर हाणून ताल धरायचा. यावर शहाण्या माणसाने काय म्हणावं? काहीच नाही. म्हणून तर शहाण्यांची नोंद कुठे सापडत नाही.

नोंद राहिली ती नोएल हिलची. क्लेअर परगण्यातला हा कॉन्सर्टिनावादक पारंपरिक संगीतातला खरा जाणकार. १९८५ साली आयरिश रेडिओवरच्या चर्चेत त्याने पोग्जच्या समोरच त्यांच्या संगीताला आयरिश संगीताचा भयंकर गर्भपात म्हटलं. किती टोकाचं! पण ज्याने आयुष्य एका वाद्याला दिलंय, त्याच्या जिवाला हे लागणारच. मला तो राग मोलाचा वाटतो. गुळमुळीत चार तारे देणाऱ्या शंभर परीक्षणांत एवढी आस्था नसते. आणि बँडनेही त्याला तोलामोलाचं उत्तर दिलं: १९८६ च्या 'पोगेट्री इन मोशन' या छोटेखानी तबकडीवर त्याच्या नावाने एक धूनच बांधली, 'प्लँक्स्टी नोएल हिल'. आयरिश परंपरेत अशी धून आश्रयदात्याच्या मानार्थ रचतात. निंदकाला परंपरेचाच मान देऊन चिडवायचं, हे परंपरा रक्तात असल्याशिवाय सुचत नाही.

मग सोवळं कुणी पाळायचं? १९८७ मध्ये जुन्या पिढीचे 'द डब्लिनर्स' याच पोरांबरोबर 'द आयरिश रोव्हर' गायला उभे राहिले. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते गाणं आठव्या क्रमांकापर्यंत गेलं.

पुढच्या वर्षी पोग्जचा 'इफ आय शुड फॉल फ्रॉम ग्रेस विथ गॉड' हा अल्बम आला आणि तिसऱ्या क्रमांकावर पोचला. त्यात तुर्की वळणाच्या सुरावटी होत्या, स्पॅनिश जत्रेचा धुडगूस होता, पितळी वाद्यं होती. बँड यशस्वी झाला की 'पहिल्यासारखा राहिला नाही' म्हणून हळहळणारा चाहता ठरलेला. त्याला हसू नये. स्वतःच्या गल्लीतली माणसं सगळ्या जगाची झाली, याचं दुःख त्याला होतं. पहिली तबकडी त्याच्याइतकी झिजवली कुणी?

याच अल्बममधलं बर्मिंगहॅम सिक्सवरचं गाणं सर्वांत बारकाईने ऐकलं ते ब्रिटनच्या इंडिपेंडंट ब्रॉडकास्टिंग ऑथॉरिटीने, आणि त्याच्या प्रसारणावर बंदी घातली. बर्मिंगहॅम सिक्स म्हणजे ती सहा निरपराध माणसं तेव्हा तुरुंगात होती. ती सुटली १९९१ मध्ये. गाण्यात माणसाला न्याय मिळवून देण्याची ताकद असते, ही वेडी समजूत चाहत्यांची आणि बंदी घालणाऱ्यांची एकच होती. चाहते त्यासाठी गात होते, बंदीवाले घाबरत होते, एवढाच फरक. बंदीचं कौतुक मी करणार नाही. त्या गाण्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचं मात्र मनापासून करतो.

डिसेंबर २०२३ मध्ये टिपररीतल्या निनाच्या चर्चमध्ये मॅकगोवनला निरोप दिला, तेव्हा पोग्जचं 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क' गायलं गेलं आणि जवळची माणसं वेदीसमोर नाचली. अंत्यविधीत नाचणं शहाण्याला जमलं नसतं.

आता डंडॉकचे 'द मेरी वॉलपर्स' तीच जुनी गाणी तशाच दांडगाईने गातात. त्यांच्या प्रत्येक नव्या अल्बमवर पाय आपटणारा एखादा तरी कॉन्सर्टिनावाला त्यांना लाभो, आणि त्याच्याशी हमरीतुमरीवर येणारी पोरंही.