वहिवाटदाराचे चिलखत

ज्या वस्तूच्या जाडीतून अर्धा मिलिमीटर छाटण्यासाठी दूरदेशीच्या अभियंत्यांनी रात्री जागवल्या, जिच्या पाठीवरील रंगछटांना चंद्र, वाळवंट, नीलम इत्यादिकांची नावे देताना जाहिरातकारांची प्रतिभा शिणली, त्यांपैकी कोणती छटा घ्यावी या प्रश्नावर घरातील एकोपा भंगून दोन तट पडले, आणि अखेरीस जिचे मोल चुकते करण्यासाठी कुटुंबप्रमुखाने मासिक हप्त्यांचा करारनामा न वाचताच मान्य केला, ती वस्तू, म्हणजे नवा स्मार्टफोन, घरी आल्यावर तिच्यासंबंधीचे पहिले कर्तव्य कोणते, तर ती झाकून टाकणे, याविषयी महाराष्ट्रात आजमितीस तरी दुमत नाही. पुरणपोळीवर दूध घ्यावे की तूप, एवढ्या क्षुल्लक प्रश्नावरही एकमत होऊ न देण्याची ज्या समाजाची ख्याती, त्याने या एका बाबतीत दाखवलेली एकजूट अपूर्वच म्हटली पाहिजे. कव्हराविना फोन मेजावर ठेवणाऱ्या तरुणाकडे वडीलधारी मंडळी ज्या नजरेने पाहतात, तीत रागापेक्षा करुणाच अधिक असते.

पुण्यात या कार्यासाठी बुधवार पेठेत जाण्याचा शिरस्ता आहे. पासोड्या विठोबाच्या परिसरात एके काळी पासोड्यांचा बाजार भरे असे सांगतात; आता त्याच पेठेतल्या तापकीर गल्लीत फोनच्या पासोड्या विकल्या जातात. दुकान एवढे ऐसपैस की दुकानदार आत शिरला की गिऱ्हाइकाने रस्त्यावर उभे राहूनच व्यवहार करावयाचा. आणि छतापासून जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या शेकडो कव्हरांच्या झालरीत हात घालून, प्रो, प्रो प्लस, लाइट, अल्ट्रा अशा एकाच वंशातील नाना शाखांमधून नेमक्या शाखेचे कव्हर तो ज्या सहजतेने उपसून काढतो, ती पाहिली म्हणजे सरकारी दप्तरखान्यातील कारकुनांना काही काळ त्याच्याकडे उमेदवारीस धाडावे असे वाटू लागते. या बाजाराचे आणखी एक नवल असे की, कंपनीने आपला नवा फोन जगापुढे मांडण्यापूर्वीच त्याची लांबीरुंदी आणि कॅमेऱ्याच्या छिद्रांच्या जागा कव्हरे ओतणाऱ्या कारखान्यांपर्यंत कशा कोण जाणे झिरपतात, आणि कित्येकदा कव्हर आधी येते व फोन मागाहून. बाळ जन्मण्यापूर्वी त्याचे अंगडे-टोपडे शिवू नये असा आपल्याकडचा जुना संकेत. येथे अंगडे शिवून, टांगून, त्याचा भाव उतरूनही गेला तरी बाळाचा पत्ता नसतो.

कव्हरांच्या जाती अनेक असल्या तरी शिष्टसंमत अशी एकच, ती पारदर्शक. फोनचे रूपही दिसावे आणि रक्षणही व्हावे, असा दुहेरी लाभ तीत सांगितला जातो, आणि पहिला पंधरवडा तो मिळतोही. पुढे मात्र ज्या टीपीयू नामक लवचिक प्लॅस्टिकचे कव्हर घडवलेले असते, ते सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी आणि हाताच्या व यंत्राच्या उष्णतेने हळूहळू पिवळे पडू लागते. निर्माते याविषयी अनभिज्ञ नसतात. प्रारंभीची पिवळसर झाक डोळ्यांत भरू नये म्हणून ते मूळ रसायनातच किंचित नीळ मिसळून ठेवतात. परंतु गिऱ्हाइकाला पिवळेपणाची वाट पाहण्याइतकाही धीर कोठला? सौंदर्यदर्शनार्थ उघडलेल्या या गवाक्षात तो दुसऱ्याच दिवशी दहा रुपयांची घडी घातलेली नोट, तिच्यावर मेट्रोचे कार्ड, त्यावर गजाननमहाराजांची तसबीर आणि सर्वांत वर कन्येचा पासपोर्ट आकाराचा फोटो अशी प्रतिष्ठापना करतो, आणि ज्या रंगासाठी घरात दोन तट पडले होते तो रंग पुन्हा म्हणून कुणाच्या दृष्टीस पडत नाही.

सेवानिवृत्त सद्गृहस्थांचा ओढा फ्लिप कव्हराकडे असतो. त्यात पॅनकार्ड, रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि लायब्ररीची पावती सुखरूप राहते, हा त्याचा खरा गुण. बोलताना त्याचे झाकण गालाशी फडफडत राहते आणि नातवंडांचे छायाचित्र घेताना तेच पुढे येऊन निम्मे कुटुंब काळोखात लोटते, हे त्या गुणामागून येणारे किरकोळ दोष. आणि श्रीमंतांचे तरी काय निराळे आहे? ॲपलने २०२३ साली चामड्याची कव्हरे पर्यावरणाच्या कारणास्तव बंद करून त्यांच्या जागी 'फाइनवोव्हन' नामक पुनर्वापरित धाग्यांचे वस्त्र आणले. त्यावर नखाचा ओरखडा आणि हाताचा मळ इतक्या तत्परतेने उमटू लागला की ओरखड्यांपासून वाचवणाऱ्या या वस्तूला ओरखड्यांपासून कुणी वाचवावे, हा प्रश्न गिऱ्हाइकांनीच विचारला, आणि पुढल्या वर्षीच्या फोनसाठी ते वस्त्र मुळी आलेच नाही.

तथापि खरा चमत्कार पाहावयाचा तर तो जाड्या, कोपऱ्यांना गाठी आलेल्या, काळ्या कव्हरात. "काका, हे न्या. मिलिटरी ग्रेड आहे, दुसऱ्या मजल्यावरून टाका," असे दुकानदार म्हणतो, टाकून मात्र दाखवत नाही. अमेरिकी सैन्याच्या साधनसामग्रीसाठी १९६२ पासून चालत आलेले 'एमआयएल-एसटीडी-८१०' हे मानक, ज्याचा हवाला या कव्हराच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापलेला असतो, ते मुळात वाचण्यासारखे आहे. त्याच्या २००८ सालच्या आवृत्तीप्रमाणे, हातून वाहून नेण्याजोगी वस्तू ४८ इंचांवरून, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटरवरून, २६ वेळा पाडावयाची. सव्वीसच का, तर चौकोनी वस्तूला सहा पृष्ठे, बारा कडा आणि आठ कोपरे असतात, आणि प्रत्येकाला पडण्याची समान संधी मिळाली पाहिजे. लोकशाही तत्त्वाचा याहून काटेकोर अंमल अन्यत्र क्वचितच आढळेल. परंतु हे सव्वीस आघात एकाच नमुन्याने सोसले पाहिजेत असे नाही, ते पाच नमुन्यांत वाटून देण्याची मुभा आहे. आणि वस्तू पाडावयाची ती काँक्रीटवर अंथरलेल्या दोन इंच जाडीच्या प्लायवुडवर. आता आपल्या घरात फोन पडतो तो शहाबादी फरशीवर, आणि पडावयाचे तेव्हा तो आपले उरलेले चार भाऊ बोलावून आघात वाटून घेत नाही. शिवाय या मानकाचा दाखला देणारी कोणतीही लष्करी कचेरी अस्तित्वात नाही. ज्याने कव्हर घडवले त्यानेच परीक्षा घ्यावयाची, त्यानेच गुण द्यावयाचे आणि त्यानेच निकाल खोक्यावर छापावयाचा. विद्यापीठांना ही पद्धत अद्याप पूर्णपणे साधलेली नाही.

पाठीची व्यवस्था लागली की दुकानदार मुखाकडे वळतो. "ग्लास टाकून देऊ ना?" हा त्याचा प्रश्न व्याकरणदृष्ट्या प्रश्न असला तरी व्यवहारात तो हुकूमच असतो, कारण आपण होकार देण्यापूर्वीच त्याने ओल्या कागदाने पडदा पुसावयास घेतलेला असतो. वस्तुतः फोनची स्वतःची काच काही ऐरीगैरी नसते. कॉर्निंग कंपनीची गोरिल्ला काच सुमारे ४०० अंश सेल्सियस तापलेल्या वितळलेल्या क्षारात बुडवतात, तेथे काचेतील सोडियमचे लहान अणू बाहेर पडून त्यांच्या जागी पोटॅशियमचे थोराड अणू घुसतात, आणि त्या दाटीने तिचा पृष्ठभाग आवळला जाऊन कणखर होतो. एवढे अग्निदिव्य केलेल्या काचेवर आपण शंभर रुपयांची, कुलशील अज्ञात असलेली, दुसरी काच चिकटवतो, आणि तिच्यावर '9एच' असा शिक्का पाहून कृतार्थ होतो. ऑस्ट्रियात स्थिरावलेल्या फ्रीडरिश मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली मांडलेल्या काठिण्यश्रेणीत हिऱ्याला दहा आणि माणिक-नीलमाला नऊ गुण आहेत, तेव्हा आपली काच नीलमाच्या पंक्तीला बसली असा ग्राहकाचा समज होतो, आणि तो दूर करण्याची कुणाला निकड नसते. तो 'एच' वास्तविक चित्रकलेच्या पेन्सिलीचा. 9एच पेन्सिलीने ओरखडा पडत नाही, एवढाच त्या शिक्क्याचा आशय. आणि ज्यांच्या खिशात किल्ल्या व वाळूचे कण असतात, त्या नागरिकांना पेन्सिलीपासून संरक्षण दिले जाते. वाळूतल्या गारगोटीला मोसच्या श्रेणीत सात गुण आहेत आणि ती काचेला भारी पडते, ही माहिती खोक्यावर छापण्यास जागा उरलेली नसते.

यात कुणी दुष्ट आहे असे मला म्हणावयाचे नाही. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर न्याय्यच दिसते. २०१७ साली ॲपलने आयफोनची पाठ पुन्हा काचेची केली, कारण तारेवाचून चार्ज करण्याची सोय द्यावयाची होती आणि धातूची पाठ त्यासाठी लागणाऱ्या चुंबकीय क्षेत्राला आडवी येते. पाठ काचेची, म्हणून ती फुटण्याचे भय. फुटण्याचे भय, म्हणून जाड कव्हर. कव्हर जाड आणि त्यात मेट्रोचे कार्ड, म्हणून तारेवाचून चार्जिंग होईना. होईना, म्हणून तार. २०१० साली तर याच कंपनीच्या फोनचा खालचा डावा कोपरा हातात धरला की संदेशलहरी मंदावत असल्याचा बोभाटा झाला, आणि स्टीव्ह जॉब्स यांनी जुलै महिन्यात पत्रकार परिषद घेऊन खरेदीदारांना फोनभोवतीचे रबरी कडे फुकट वाटण्याची तजवीज केली. फोनला फरशीपासून, पावसापासून आणि नातवंडांपासून जपण्याचे उपाय आजवर पुष्कळ निघाले. परंतु फोनला त्याच्या मालकाच्या हातापासून वाचवणारे कव्हर अधिकृतपणे वाटले गेल्याचे हे उदाहरण मला एकमेव वाटते.

मालक हा शब्द मी सवयीने वापरला. मुळातला तंटा खरा येथेच आहे. तीन वर्षे ज्याने फोनच्या पाठीला बोट लावले नाही, तिचा रंग पाहिला नाही, तिच्या ज्या कृशतेसाठी जादा पैसे मोजले ती कृशता अंगठ्याखाली कधी अनुभवली नाही, त्याला मालक म्हणावयाचे कोणत्या कायद्याने? जुन्या महसुली परिभाषेत बोलावयाचे तर तो मिरासदार नव्हे, उपरी. सारा त्याने भरावयाचा, राखण त्याने करावयाची, आणि जमीन दुसऱ्याची. हा दुसरा कोण, हे एक्स्चेंजच्या दिवशी कळते. नवा फोन मागवताना जुन्याची किंमत वजा व्हावी म्हणून आधी एक प्रश्नावली भरून द्यावी लागते: पडद्यावर ओरखडे आहेत काय, कडेला पोचा आहे काय, पाठीला तडा आहे काय, आणि या जबानीवर विश्वास नसल्याने ठरलेल्या दिवशी एक तरुण दारात येऊन उभा राहतो. तो कव्हर सोलतो, काच उचकटतो, फोन खिडकीशी नेऊन तिरपा धरतो आणि सावकाशपणे पंचनामा करतो. घरातील मंडळी दोन्ही बाजूंना उभी असतात. त्यांच्यापैकी कित्येकांना हा फोन निळा होता हे त्या क्षणीच प्रथम समजते.

"एकदम नव्यासारखा ठेवलाय काका तुम्ही," असे तो प्रशस्तिपत्र देतो, आणि ते खोटे नसते. कधीही न पाहिलेल्या, न भेटलेल्या, बहुधा दूरच्या कुठल्या तरी तालुक्याच्या गावी असलेल्या एका अनोळखी इसमासाठी या गृहस्थाने तीन वर्षे ही मालमत्ता विश्वस्ताच्या निष्ठेने सांभाळली, आणि आता ती विनातक्रार त्याच्या ताब्यात जात आहे. तरुण फोन थैलीत टाकतो, पावतीवर बोटाने सही घेतो, आणि पिवळे पडलेले कव्हर, ज्याला या घराचा हात रोज लागला होता, ज्याच्या कडा या घराच्या अंगठ्याने झिजल्या होत्या, आणि ज्यावर कसलाही हप्ता बाकी नव्हता, ते परत पुढे करतो.

"हे आम्ही नाही घेत."

नव्या फोनला ते बसणार नसते, हे गृहस्थाला ठाऊक असते. तो ते केराच्या टोपलीकडे नेऊ लागतो, इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो.

"अहो, टाकू नका ते. लागेल कशाला तरी."